बटणाच्या पाठीवरचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतात, शिलालेख येतात, बखरी आणि फर्माने येतात. फार झाले तर एखादी गंजलेली तलवार किंवा जुने नाणे येते. बटण मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आणि ते साहजिकच आहे. सदऱ्याचे बटण तुटले तर आपण दुसरे लावतो, पहिले कोठे गेले याची चौकशीसुद्धा करीत नाही. परंतु लष्करी गणवेशावरचे धातूचे जुने बटण ही गोष्ट निराळी आहे. ते नाण्याप्रमाणे ठशातून काढलेले असते, त्यावर चिन्ह असते, आकडा असतो, आणि पुष्कळदा त्याच्या पाठीवर ते घडवणाऱ्या कारखान्याचे नाव असते. ही पाठीवरची अक्षरे नीट वाचता आली, तर ते बटण साधारण कोणत्या काळातले, हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. ते कसे, आणि त्यातून आपल्या घराघरांतल्या आठवणींचा हिशेब कसा लागतो, हे आज सांगावयाचे आहे.

आता कोणी विचारील, की असली बटणे लंडनच्या संग्रहालयात सापडायची. आमच्या भंडारा जिल्ह्यात त्यांचे काय काम? तर पाहा. आपल्याकडचा जुना पोशाख म्हणजे बाराबंदी, अंगरखा, बंडी. त्यांना बंद असत, फार तर कापडाच्या गुंड्या. छातीवर ओळीने चमकणारी धातूची बटणे आपल्या मुलखात रुळली ती मुख्यतः पलटणींच्या मागोमाग. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशी नागपूरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज यांची लढाई झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८२१ मध्ये, कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी बसली. तेथे मुख्यतः मद्रासच्या पलटणी असत, आणि त्यांच्या जोडीला गोऱ्या पलटणीही. छावणी आली म्हणजे तिच्यामागे बाजार येतो, शिंपी येतात, धोबी येतात, आणि जुन्या कपड्यांचा लिलावही येतो. पुढे रेल्वे आली, पोलिस आले, जंगलखाते आले. प्रत्येकाचा गणवेश, आणि प्रत्येक गणवेशाची बटणे.

बपेरा हे गाव तुमसर तालुक्याच्या टोकाला, बावनथडीच्या काठचे. नदीपलीकडे बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्यप्रदेश. छावणीपासून हे गाव दूर. परंतु सरकारे किती बदलली हे मोजायला असे सीमेवरचे गावच सोयीचे. १८५३ पर्यंत भोसल्यांचे राज्य, १८५४ पासून इंग्रजी अंमल, १८६१ मध्ये मध्यप्रांत, १९५० मध्ये मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. गाव जागचे हलले नाही, नदी हलली नाही. शिपायाच्या कोटावरचे चिन्ह मात्र दर वेळी बदलले. अशा गावातल्या जुन्या पेट्यांत, डब्यांत, मुलांच्या बंड्यांवर या सर्व राजवटींची बटणे एकमेकांत मिसळून राहिली, तर त्यात नवल ते काय?

बटण हातात आले, की प्रथम त्याची दर्शनी बाजू पाहावी. येथे तीन गोष्टी पाहावयाच्या: धातू, आकडा आणि मुकुट.

धातूचे आधी सांगतो. इंग्लंडच्या राजाच्या पायदळात पलटणीचा आकडा बटणावर घालण्याचा हुकूम १७६७ मध्ये निघाला. साध्या शिपायांची बटणे तेव्हा कथलाच्या मिश्रधातूची, राखी रंगाची आणि मऊ असत. १८५५ पासून त्यांच्या जागी पितळी बटणे आली. अधिकाऱ्यांची बटणे मात्र सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा दिलेली. घडणही बदलत गेली. जुने बटण म्हणजे एकाच तुकड्याची सपाट चकती, मागे एक कडी. १८२० नंतरच्या काळात हळूहळू दोन तुकड्यांचे, पोटात पोकळ आणि वरून फुगीर असे बटण रूढ झाले. पुढे १८७१ मध्ये गोऱ्या पायदळातील साध्या शिपायांच्या बटणावरचे पलटणीचे आकडे गेले आणि सर्वांना एकच नमुना मिळाला. त्यावर सिंह आणि एकशिंगी घोडा यांनी धरलेली राजचिन्हाची ढाल असते. हा नमुना आपल्याकडेही वरचेवर दिसतो. तेव्हा तो दिसताच एवढे निश्चित समजावे, की हे बटण १८७१ च्या आधीचे नाही.

आकड्याच्या बाबतीत फार सावध राहावे लागते, कारण आकडे बदलतात. याचे उत्तम उदाहरण आपल्या सीताबर्डीचेच आहे. मद्रास फौजेची पहिली पलटण १८०६ च्या वेल्लोरच्या उठावात सापडली, म्हणून तिचा आकडा काढून घेण्यात आला आणि ती २४ या आकड्याने पुन्हा उभी राहिली. सीताबर्डीला लढली ती या आकड्याने. लढाईनंतर तेथल्या शिपायांनी बक्षीस म्हणून काय मागितले असेल? आपला जुना आकडा! आणि तो त्यांना मिळालाही. पुढे १९०३ मध्ये साऱ्या हिंदी फौजेचे आकडे नव्याने लावले, तेव्हा हीच पलटण ६१ झाली; १९२२ च्या फेररचनेत तिला पुन्हा नवे नाव मिळाले; आणि १९३३ मध्ये मद्रासच्या पायोनियर पलटणीच मोडल्या, त्यांत तीही संपली. पलटण एक, आणि आकडे किती!

१९०३ चा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. मद्रासच्या बहुतेक पलटणींच्या जुन्या आकड्यात साठ मिळवावे, मुंबईच्या पलटणींच्या आकड्यात शंभर. मुंबईची तिसरी पलटण १०३ झाली, पाचवी १०५, दहावी ११०. या तीन आणि त्यांच्याबरोबर ११४, ११६, ११७ अशा मराठा पलटणी मिळून १९२२ मध्ये पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट बनली. बेळगाव हे तिचे आजचे केंद्र. म्हणजे १०३ हा आकडा असलेले मराठा पलटणीचे बटण हाती आले, तर ते १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांच्या नमुन्याचे, असे बसल्या जागी सांगता येते.

तिसरी गोष्ट मुकुट. हा तर शाळकरी मुलालाही ओळखता येईल. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मुकुट वर मध्यभागी दबलेला असतो. १९०१ मध्ये राणी वारली, सातवा एडवर्ड गादीवर आला, आणि लष्करी चिन्हांवरचा मुकुट घुमटासारखा गोल झाला. तो १९५२ पर्यंत चालला. दुसऱ्या एलिझाबेथच्या वेळी इंग्लंडात पुन्हा मध्ये दबलेला मुकुट आला. परंतु तोपर्यंत आपल्या फौजेचा मुकुटाशी संबंध उरला नव्हता. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या लष्करी चिन्हांवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह बसले.

दर्शनी चिन्हे अशी वर्षागणिक बोलतात. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. तिची दुसरी बटालियन तर आपल्या कामठीलाच उभारली गेली. तिच्या पहिल्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि चिन्हात तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन आल्या. पाच वर्षांच्या आत चिन्ह बदलले. म्हणजे स्तंभाचे चिन्ह ज्याच्या घरी असेल, त्याच्या घरची आठवण किती नेमक्या वर्षांवर येऊन ठेपते पाहा.

आता बटण उलटे करू या.

दर्शनी बाजू जगाला दाखवण्यासाठी असते. पाठ फक्त शिंपी पाहतो, आणि नंतर कोटाच्या आत ती झाकली जाते. म्हणून तिच्यावरची अक्षरे कमी झिजतात, हा इतिहासाच्या अभ्यासकाला मोठाच लाभ. कडीभोवती गोलाकार, बारीक अक्षरांत कारखान्याचे नाव, गाव, कधी रस्त्याचे नाव आणि घराचा क्रमांकसुद्धा असतो. अशी बटणे करणारे धंदे मुख्यतः दोन शहरांतले, लंडन आणि बर्मिंगहॅम. यंत्रे, ठसे आणि पितळकाम यांचे शहर म्हणजे बर्मिंगहॅम. पलटणींच्या अधिकाऱ्यांशी आणि दरबाराशी संबंध ठेवणारी दुकाने लंडनची.

कारखान्याच्या नावावरून काळ कसा ठरतो? तत्त्व अगदी साधे आहे. आपल्या गावातल्या दुकानाची पाटी आठवा. आधी पाटीवर बापाचे एकट्याचे नाव असते. मग ‘आणि मुलगा’ येते, मग ‘बंधू’ येतात. भागीदार मिळतो, भांडण होऊन वेगळा होतो. दुकान एका आळीतून दुसऱ्या आळीत जाते. पाटी दर वेळी नव्याने रंगवावी लागते. बटणाच्या कारखान्यांचेही हेच. नाव बदलले, की पाठीवरचा ठसा बदलतो. कोणत्या साली कोणती पाटी होती, हे लंडन-बर्मिंगहॅमच्या जुन्या व्यापारी सूचींत छापलेले असते. ती यादी आणि बटणाची पाठ शेजारी ठेवली, की काळाची एक खिडकी उघडते.

उदाहरणे देतो. फर्मिन हे लंडनचे घराणे आपली सुरुवात १६७७ पर्यंत नेते, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या हयातीपर्यंत. एकोणिसाव्या शतकात त्याचे दुकान स्ट्रँड नावाच्या हमरस्त्यावर होते, आणि बटणांवर ‘स्ट्रँड’ हा शब्द व घराचा क्रमांक येतो. १८९० नंतरच्या दशकात दुकान सेंट मार्टिन्स लेनमध्ये गेले, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत तेथे राहिले. त्या काळच्या बटणांवर तो पत्ता येतो. म्हणजे सेंट मार्टिन्स लेनचा पत्ता असलेले बटण सत्तावनच्या धामधुमीतले असणे शक्यच नाही, मग ते कोणीही सांगो.

दुसरे घराणे जेनेन्सचे, तेही लंडनचे. १९२४ मध्ये ते बर्मिंगहॅमच्या गाँट या कारखान्याने विकत घेतले. जुन्या गिऱ्हाइकांना कळावे म्हणून गाँटने काही बटणांच्या पाठीवर आपल्या नावापुढे ‘लेट जेनेन्स’ असे घातले. म्हणजे ‘पूर्वीचे जेनेन्स’. आपल्याकडे नाही का, दुकान विकत घेणारा पाटीवर जुन्या मालकाचे नाव बारीक अक्षरांत ठेवतो, तसेच. व्यापाऱ्याने गिऱ्हाईक टिकवण्यासाठी लिहिलेले हे दोन शब्द आपल्याला १९२४ हे साल हातात देतात.

तिसरे उदाहरण बर्मिंगहॅमचे. तेथल्या हॅमंड टर्नर आणि आणखी काही जुन्या कारखान्यांनी १९०७ मध्ये एकत्र येऊन एक कंपनी काढली. नाव काय ठेवले? नुसते ‘बटन्स लिमिटेड’! हे नाव ज्या पाठीवर असेल ते बटण १९०७ च्या आधीचे नाही. वाद संपला.

कारखान्यांची यादी जवळ नसली, तरी एका शब्दावर लक्ष ठेवावे. तो शब्द म्हणजे ‘लिमिटेड’. भागीदारांची जबाबदारी मर्यादित ठेवणाऱ्या कंपन्यांचा कायदा इंग्लंडात १८५५ मध्ये झाला. बटणावर ‘लिमिटेड’ किंवा त्याचा संक्षेप दिसला, की ते त्या सालानंतरचे. आणि प्रत्यक्षात बटणांच्या जुन्या घराण्यांनी हे रूप त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घेतले.

काही पाठींवर कारखान्याचे नावच नसते. नुसती मालाची स्तुती असते. ‘गिल्ट’ म्हणजे सोन्याचा मुलामा, ‘ट्रेबल गिल्ट’ म्हणजे तिहेरी मुलामा, अशा अर्थाची. ही भाषा मुख्यतः अठराव्या शतकाच्या अखेरची आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धातली. मुलाम्याच्या नावाखाली इतकी फसवणूक होऊ लागली, की १७९६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटला खोट्या मुलाम्याविरुद्ध बटणांचा खास कायदा करावा लागला. त्या वेळचा मुलामा पाऱ्याचा. सोने पाऱ्यात विरघळवून बटणावर चोळायचे आणि आगीवर पारा उडवून द्यायचा. त्या वाफेने कारागिरांचे हात थरथरू लागत, दात पडत. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि हळूहळू पाऱ्याची भट्टी विझली. साहेबाच्या छातीवरची झळाळी कोणाच्या तरी हाडांतून आली होती, हेही बटणाच्या पाठीवरच वाचायचे.

एवढे ऐकून कोणाला वाटेल, की झाले, आता भिंग घेतले की सारा इतिहास हाती आला. तसे मात्र नाही. पाठीवरचा ठसा आपल्याला एकच गोष्ट निश्चित सांगतो: बटण अमुक सालाच्या आधीचे नाही. ते त्यानंतर किती वर्षे वापरले गेले, हे तो सांगत नाही. बटण कोठारात दहा वर्षे पडून राहू शकते. जुन्या कोटाचे काढून नव्या कोटाला लागू शकते. जुना ठसा जपून ठेवलेला कारखाना मागणी आली की नवे बटण काढू शकतो. शिवाय पाठीवरचे नाव दर वेळी घडवणाऱ्याचेच असते असेही नाही. कलकत्त्याच्या रँकेनसारखे लष्करी शिंपी बटणांवर आपले नाव घालून घेत. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, बटण कोणाच्या छातीवर होते, हे ना त्याची दर्शनी बाजू सांगते, ना पाठ.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला बपेऱ्यातच नीट समजावून सांगता येईल. तेथल्या एका शेतकरी घरात कॉलेजच्या दोन विद्यार्थ्यांसह मी एक डबा पाहिला. डब्यात सुतळीत ओवलेली चार बटणे होती. घरचे कर्ते गृहस्थ म्हणाले, “सर, हे आमच्या पणजोबाचे बटन. सत्तावनच्या लढाईतले.” हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. अशी आठवण हसण्यावारी नेण्यासारखी नसते. जून १८५७ मध्ये नागपूरच्या घोडदळात उठावाची तयारी झाली होती, ती फसली आणि काहींना फाशी झाली, हा इतिहासच आहे. तेव्हा या मुलखातल्या घरात सत्तावनची आठवण असू शकते.

मी मुलांना म्हटले, आता तुम्हीच सांगा. दोन बटणे सिंह आणि एकशिंगी घोड्याची, पितळी. म्हणजे १८७१ नंतरची. ढालीवरचा मुकुट घुमटासारखा. म्हणजे १९०१ नंतरची. एकाच्या पाठीवर गाँटचे नाव आणि त्यापुढे ‘लेट जेनेन्स’. म्हणजे १९२४ नंतरचे. दुसऱ्याची अक्षरे झिजलेली, परंतु ‘लिमिटेड’ वाचता येत होते. तिसऱ्या बटणावर ‘बी. एन. आर.’ ही इंग्रजी अक्षरे. ते लष्कराचे नव्हेच, बंगाल-नागपूर रेल्वेचे. ही रेल्वे १८८७ मध्ये निघाली आणि १९५२ मध्ये ईस्टर्न रेल्वेत विलीन झाली. तुमसर रोडचे स्टेशन तिच्याच मार्गावर. चौथे बटण सर्वांत साधे, कळकट. त्याच्यावर अशोकाचे सिंह. म्हणजे १९५० नंतरचे.

चारांपैकी एकही सत्तावनचे नव्हते. मुलांनी माझ्याकडे पाहिले, मी गृहस्थांकडे पाहिले. ते गप्प झाले. आता काय बोलावे, असा तो क्षण होता. तेव्हा आतून त्यांच्या वृद्ध मातोश्री बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “तो खाकी कोट तर मामंजींनी तुमसरच्या बाजारातून आणला होता. थंडीत जागलीले नेत. कोट फाटला, मी बटना काढून ठेवल्या.”

वाचकांना आठवत असेल किंवा घरी ऐकले असेल, की दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराकडे उरलेल्या मालाची सरकारने विक्री केली. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द तेव्हापासून आपल्या बाजारांत रुळला. खाकी कोट, कांबळी, बूट, तंबू स्वस्तात मिळू लागले. कोणा गोऱ्या सैनिकासाठी शिवलेला कोट असा बपेऱ्याच्या शेतात मळ्याची राखण करू लागला. यात कमीपणा तो कसला?

“आणि हे सिंहाचे?” मी विचारले. बाईंनी ते चौथे बटण हातात घेतले. “हे आमच्या धाकट्या भाऊजींचे. ते मिलिटरीत होते ना. बासष्टच्या लढाईच्या वेळी बर्फात होते म्हणत. त्यांचे पेन्शनचे पुस्तक आहे त्या पेटीत.” पेटी उघडली. पुस्तक निघाले. त्यात नाव, पलटण, भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख, सारे काही होते. घरातल्या तरुण पिढीला हे काका फौजेत होते एवढेच माहीत होते. ते कोठे होते, किती वर्षे होते, हे कोणी कधी विचारले नव्हते. त्यांच्या बटणाला वेगळे काही स्थानही नव्हते. ते चौघांत ओवलेले एक, आणि तेही सर्वांत दुर्लक्षित.

म्हणून म्हणतो, या छोट्या शास्त्राचा उपयोग लोकांच्या आठवणी खोट्या पाडण्यासाठी नाही. त्या घरातले पणजोबा सत्तावनात होते की नव्हते, यावर त्या चार बटणांनी एक अक्षरही काढले नाही. ती बटणे त्यांची नव्हती, एवढेच ठरले. परंतु लांबच्या, अंधुक पराक्रमाकडे डोळे लावून बसल्यामुळे जवळचा, खराखुरा, कागदपत्रांनी सिद्ध होणारा शिपाई घरच्यांच्याच नजरेआड झाला होता. बटणाने पणजोबा हिरावून घेतले नाहीत. काका मात्र परत दिले. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेतील माणसांची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. त्यानंतरही आपल्या खेड्यांतून तरुण सतत फौजेत जात राहिले. त्यांतल्या किती जणांची नोंद त्यांच्या घरी आहे? सेनापतींची चरित्रे निघतात. शिपायाचे चरित्र पुष्कळदा एक बटण, एक पदक आणि एक पेन्शनचे पुस्तक एवढ्यातच असते. आणि या तीन वस्तू एकमेकींपासून दूर झाल्या, की तिन्ही मुक्या होतात.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी बटणे असतील, त्यांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, घासू नका. आपल्या घरी पितळ दिसले की चिंच आणि राख पुढे येते. तांब्याला ते ठीक. बटणाचा मुलामा आणि पाठीवरची बारीक अक्षरे मात्र एका दिवाळीत पार निघून जातात. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, बस्स. दुसरी गोष्ट, अक्षरे वाचताना दिवा समोरून न धरता बाजूने तिरपा धरावा. खोलगट अक्षरांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. तरी वाचता आली नाहीत, तर पातळ कागद वर ठेवून त्यावरून शिसपेन्सिल हलकेच फिरवावी. शाळेत नाण्याचा छाप घेतो, तशी. तिसरी गोष्ट, बटणाची कडी पाहावी, ती मूळची की नंतर डाग देऊन जोडलेली. कारण पुष्कळ बटणांच्या मागे टाचणी जोडून बायकांनी ती पदराला लावलेली असतात. चौथी गोष्ट, मोडीत देऊ नका. मोडीच्या दुकानात त्या चार बटणांचे पितळ चहाच्या पैशांचेही होणार नाही. आणि शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर ती परदेशी विकण्याच्या भरीस कधीच पडू नका. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने पुरावस्तू परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाहीत.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बटणाबरोबर एक चिठ्ठी ठेवा. त्यावर लिहा, हे बटण कोणी दिले, कोठे सापडले, कोणत्या कोटाचे, त्याबद्दल घरात काय सांगतात आणि ते कोण सांगते. सांगणारी व्यक्ती म्हातारी असेल तर आजच लिहा. कारण कारखान्यांच्या याद्या लंडनला छापलेल्या आहेत, त्या शंभर वर्षांनीही मिळतील, परंतु तुमसरच्या बाजारातला कोट कोणी आणला हे सांगणारी बाई शंभर वर्षांनी मिळणार नाही. जे ऐकले ते ‘ऐकले’ म्हणून लिहा, जे वाचले ते ‘वाचले’ म्हणून लिहा. दोहोंची सरमिसळ करू नका. इतिहासाची पुस्तके लिहिणाऱ्या मोठमोठ्या पंडितांनाही यापेक्षा निराळा नियम नाही.

आपल्या मुलखावर भोसल्यांचे राज्य होते, कंपनीचे होते, राणीचे होते, आज आपले आहे. प्रत्येक राजवटीने आपल्या शिपायाच्या छातीवर आपले चिन्ह लावले. ती चिन्हे आज देवघराच्या कोनाड्यात, शिवणाच्या डब्यात, धान्याच्या कणगीमागे पडलेली आहेत. उद्या सुटीचा दिवस असेल तर घरातला असा एखादा डबा उघडा, बटणे उजेडात आणा, उलटी करा आणि वाचा. आणि वाचून झाले, की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला हाक मारून विचारा, हा कोट कोणाचा होता?